कूलरचं कळतं, मग कूलंटचं का नाही?

एप्रिल लागला की वर्ध्यात घरोघरी कूलर निघतो. टाकी धुवायची, ताट्या बदलायच्या आणि आधी पंप चालतो का ते बघायचं. पंपच बंद असेल तर पंखा कितीही फिरू द्या, तोंडावर गरम वाराच येणार. हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतं. मग त्याच अंगणातल्या गाडीबाबत आपण इतके बेफिकीर का?

इंजिनलाही वॉटर पंप असतो. बहुतेक गाड्यांत तो इंजिनच्या बेल्टवर फिरतो आणि कूलंटला इंजिनच्या आतल्या वाटांमधून ढकलतो. इंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो. साधारण ८०-९० अंशांना ती उघडते. तापलेलं कूलंट रेडिएटरमध्ये जाऊन निवतं आणि परत पंपाकडे येतं. कूलरच्या पाण्यासारखं ते हवेत उडून जात नाही, तेच ते फिरत राहतं. त्यामुळे पातळी सारखी उतरत असेल, तर कुठेतरी गळतंय हे नक्की समजा.

"कूलंट काश्मीरवाल्यांसाठी, आपल्याकडे कुठं बर्फ पडतो?" हे मी घरातच ऐकत आलो. आमच्या जुन्या गाडीत बोअरचं पाणीच असायचं. मागच्या मे महिन्यात हिंगणघाटहून येताना काटा लाल रेषेवर गेला. 'आलंच आता घर' म्हणत मी गाडी दामटली आणि हेड गॅस्केट उडालं. मेकॅनिकने काढून दाखवलेल्या पंपाची पाती गंजून अर्धी झाली होती. बिल माझ्या वर्षभराच्या फीपेक्षा जास्त! चूक माझीच.

बर्फाचं म्हणणं अर्धंच खरं आहे. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं ग्लायकॉल, निम्मं डिस्टिल्ड वॉटर आणि प्रेशर कुकरसारखा दाब धरणारं झाकण, या तिघांमुळे ती मर्यादा १२० च्याही पुढे जाते. पारा ४५ वर जाणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हे नको तर कोणाला हवं? शिवाय कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात. बोअरच्या पाण्याने कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतो.

परीक्षा संपली की समृद्धीवर गाडी काढायचे बेत ठरतील. निघण्याआधी, इंजिन थंड असताना, दोन मिनिटं द्या. कूलंट खुणेपर्यंत आहे का? बेल्टला चिरा आहेत का? पंपाखाली ओल दिसते का? रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद करा, गाडी सुरक्षित बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, उकळता फवारा थेट तोंडावर येतो.

"ते मेकॅनिकचं काम" म्हणून हात झटकू नका. स्टिअरिंग तुमच्या हातात आहे, तर काट्याकडे बघणंही तुमचंच काम आहे.