पानथरीला जात नसते



मी बीडचा. कोपीत वाढलेला. पोराच्या डाव्या बरगडीखाली कळ आली की आमच्याकडं म्हणतात, पानथरी वाढली. कुणी बिब्बा घालतं, कुणी अंगारा लावतं. कोयता तसाच चालू राहतो.

पानथरी म्हणजे प्लीहा. रक्त गाळणं, जंतू धरणं हे तिचं काम. तिची रक्तवाहिनी तुंबली की तेवढा भाग मरतो. मुलांत याचं एक मोठं कारण सिकलसेल. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठरतात, अडकतात. मलेरियात, टायफॉइडमध्ये, रक्ताच्या कॅन्सरातही पानथरी अशी मरू शकते. म्हणून अंदाज नको, तपासणी हवी.

सिकलसेलचा दोष आई-बाप दोघांकडून आला तर आजार. एकाकडूनच आला तर मूल बहुधा ठणठणीत, वर मलेरियापासून थोडी राखणही. यात पाप कुठलं आणि जात कुठली? 1958 साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. विदर्भातल्या महारांत तो आढळला. तो मलेरियाच्या मुलखाचा इतिहास आहे, कुळाचा कलंक नव्हे.

2023 साली शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल मिशन सुरू झालं. 7 कोटी लोक तपासायचं ठरलं, रोख आदिवासी भागांवर. आदिवासींना ते मिळालंच पाहिजे. पण रक्त काय जिल्ह्याची हद्द बघून वाहतं?

फडात काय असतं? पहाटेची थंडी, दिवसाची तहान, अंगातला ताप. सिकलसेलच्या पोराला नेमक्या याच गोष्टी कळा आणतात. मेलेली पानथरी जंतू अडवत नाही; साधा न्यूमोनियाही जीव घेतो. कधी पानथरीच रक्त साठवून फुगते, पोर पांढरंफटक पडतं आणि काही तासांत जातं. जमैकात डॉक्टरांनी आयांना पानथरी चाचपायला शिकवलं, मरणं घटली. 1985 साली हे छापूनही आलं. आमच्या आयांचे हात काय फक्त मोळ्या बांधायला आहेत? आणि पोराला दवाखान्यात न्यावं तर खाडा. खाडा पडला की मुकादम पैसे कापणार.

म्हणून मागणी साधी आहे. टोळी निघायच्या आधी प्रत्येक पोराची सोल्युबिलिटी चाचणी करा. दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस करा, आणि कार्ड पोराबरोबर कारखान्यापर्यंत जाऊ द्या. आजार असलेल्या लहानग्यांना पेनिसिलिन आणि न्यूमोकोकलची लस द्या. आजारी पोरापायी खाडा लावू नका.

उचल देताना आमचा अंगठा घेता ना? मग आमच्या पोराच्या बोटातला रक्ताचा एक थेंबही घ्या.