रक्त थांबले, रोग थांबला काय?

मूत्रातून वेदनारहित रक्त जाऊ लागले की अनेक रुग्ण प्रथम आपल्याकडे किंवा थेट औषधी दुकानात येतात. ‘उष्णता वाढली’ हे निदान रुग्ण स्वतःच सांगतो. आपणही अधोग रक्तपित्त समजून उशीरासव, चंदनासव देतो. चार दिवसांत रक्त थांबते. आरंभीच्या काळात प्रस्तुत लेखकानेही असे रुग्ण समाधानाने घरी पाठविले आहेत. परंतु मूत्राशयाच्या अर्बुदातील रक्तस्राव अधूनमधून होणारा असतो; तो औषधावाचूनही थांबतो. मग ज्यास आपण उपशय मानतो, तो निव्वळ योगायोगही असू शकतो.

युरेकसच्या कर्करोगात हा धोका दुणावतो. गर्भावस्थेत मूत्राशयाचे शिखर व नाभी यांना जोडणारी नलिका म्हणजे युरेकस. जन्मानंतर तिची तंतुमय दोरी उरते. क्वचित तिच्या अवशेषांत अर्बुद उद्भवते. मूत्राशयाच्या कर्करोगांत याचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आहे. ते बहुधा मूत्राशयाच्या पोकळीबाहेर वाढत राहते, म्हणून लक्षणे उशिरा प्रकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेकदा श्लेष्मस्रावी ॲडिनोकार्सिनोमा दिसतो. त्याचे बृहदांत्राच्या कर्करोगाशी इतके साम्य असते की, मूळ अर्बुद आतड्यात नाही ना, हे तपासावेच लागते. रक्तमूत्रता हे प्रमुख लक्षण होय. काहींच्या मूत्रात चिकट श्लेष्मा येतो, क्वचित नाभीतूनही स्राव होतो.

पिच्छिल, तंतुयुक्त मूत्र पाहताच आपल्याला लालामेह आठवतो आणि चंद्रप्रभावटी सुरू होते. शास्त्र चुकत नाही. परीक्षण अपुरे ठेवणारे आपण चुकतो. रोग स्थानिक असेपर्यंतच मूत्राशयाचा बाधित भाग, युरेकस व नाभी एकसंध काढण्याच्या शस्त्रकर्माने बरे होण्याची खरी आशा असते. आपल्या आसवाच्या बाटलीत गेलेले महिने रुग्णास कोणी परत देऊ शकत नाही.

म्हणून माझे आग्रहाचे मत असे की, प्रौढ रुग्णाने एकदाही रक्तमूत्रता सांगितली, तर मूत्रपरीक्षा, सोनोग्राफी व मूत्ररोगतज्ज्ञाकडून दुर्बिणीची तपासणी यांसाठी त्यास तत्काळ पाठवावे. रक्त थांबले तरीही पाठवावे. औषधी दुकानदार बंधूंनी अशा रुग्णास बाटली न देता वैद्याकडे धाडावे. एका विक्रीची हानी सोसता येते. योग्य वेळी रुग्ण दुसऱ्या हाती सोपविणे हाही वैद्यधर्मच आहे.