कुत्र्याच्याही पेशी मोजायला हव्यात

केळी भरायच्या कामावरचा मजूर कुत्रा चावल्यावर तिसऱ्या दिवशी रुग्णालयात येतो, तेव्हा जखमेत बऱ्याचदा तिखट नाहीतर चुना भरलेला असतो. तो काढायचा, पंधरा मिनिटे साबण-पाण्याने जखम धुवायची, लस सुरू करायची आणि चावा रक्त काढणारा असेल तर जखमेतच तयार प्रतिपिंडे टोचायची. ही प्रतिपिंडे पूर्वी घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून मिळत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाबरोबर विकसित केलेले मोनोक्लोनल प्रतिपिंड २०१७ मध्ये बाजारात आले. घोड्याच्या प्रतिपिंडांचे वजनाच्या किलोमागे ४० युनिट लागतात, याचे ३.३३.

मोनोक्लोनल म्हणजे एकाच पेशीच्या वंशातले, एकाच खुणेला चिकटणारे प्रतिपिंड. १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टीन यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्कपेशीशी जुळवली. पहिली आपले प्रतिपिंड बनवत राहते, दुसरीमुळे ती जोडी मरत नाही. १९८४ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. या तंत्राचा दुसरा मोठा उपयोग पेशी ओळखण्याचा. एचआयव्हीच्या रुग्णांना ‘सीडी-४’ हा शब्द पाठ असतो. ती मोजणी रंग लावलेल्या अशाच प्रतिपिंडांवर चालते.

माणसाच्या पेशींसाठी अशी प्रतिपिंडे ढिगाने आहेत, कुत्र्यासाठी त्या मानाने थोडी. माणसाची उसनी घ्यावीत, तर बरीचशी कुत्र्याच्या पेशींना चिकटतच नाहीत. शिवाय कुत्र्याच्या न्यूट्रोफिल पेशींवरही सीडी-४ची खूण असते, माणसाच्या नसते. माणसाचा हिशेब तसाच लावला की मोजणी चुकलीच! म्हणून कुत्र्याच्या पेशी उंदराला टोचून, तयार झालेले अनेक पेशीवंश एकेक चाळून नेमके प्रतिपिंड शोधावे लागते. काम किचकट, आणि नाव फारसे मिळत नाही.

रावेरच्या डॉक्टरला ही उठाठेव कशाला? कारण रेबीज कुत्र्यातच थांबवावा लागतो. सत्तर टक्के कुत्र्यांना लस द्या, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोव्याने ती नेटाने दिली आणि २०२१ मध्ये ते राज्य ‘रेबीज-नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झाले. त्यासाठी नव्या संशोधनाची वाट पाहायची गरज नाही, हे आधीच सांगतो. लसीनंतर कुत्र्याच्या रक्तातली प्रतिपिंडेही आज मोजता येतात.

पण आमच्या बाजारातली कुत्री गोचिडांनी भरलेली, पोटात जंत, चार पिल्ले अंगाला लुचत असलेली. तिच्या शरीरात लसीचा असर कमी पडला, तर नेमक्या कोणत्या पेशी कमी पडल्या हे नुसत्या रक्तातल्या आकड्यावरून कळत नाही. परळला १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपुरात पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, पुण्यात मोनोक्लोनल बनवण्याचा अनुभव आहे. सरकारने या तिघांना कुत्र्याच्या पेशींसाठी एका कामाला जुंपावे, असे माझे मत आहे. माणसाच्या इंजेक्शनमधला एक पैसाही त्यासाठी काढू नये, वेगळा द्यावा.

सध्या चावणाऱ्या कुत्र्याविषयी आम्ही रुग्णाला विचारतो ते एवढेच: पाळीव होता की भटका, आणि जिवंत आहे की मेला.