एकच करीम, चार नोंदी

संगणकाची माणसे अक्षरांचे दोन गट पाडतात. एक 'साधी अक्षरे' आणि दुसरी 'विशेष अक्षरे'. साधी म्हणजे इंग्रजीची आणि विशेष म्हणजे उरलेल्या सगळ्या जगाची. उर्दू शाळेतले मूल पाटीवर पहिल्यांदा अलिफ काढते, मराठी शाळेतले मूल 'ग म भ न' गिरवते. या हिशेबाने दोघेही पहिल्या दिवसापासून विशेष अक्षरेच लिहीत असतात. मी दोन्ही भाषा शिकवते. त्यामुळे हा विशेषपणा रोज दोन्ही बाजूंनी माझ्या वाट्याला येतो.

या भेदाला इतिहास आहे. १९६३ साली अमेरिकेत 'आस्की' नावाची प्रमाण सारणी ठरली. तिच्यात १२८ जागा होत्या. इंग्रजी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या काही खुणा एवढ्यात ती भरली. पुढे १९७८ मध्ये व्हीटी-१०० हा टर्मिनल आला. २४ ओळी, प्रत्येक ओळीत ८० घरे आणि एका घरात एक अक्षर. आज संगणकावर 'टर्मिनल' म्हणून जी काळी खिडकी उघडते ती याच चौकटीच्या कागदाची वंशज आहे. या खिडकीत चालणारे मजकुराचे संपादक, म्हणजे विम, ईमॅक्स, नॅनो, हे सगळे त्या घरांतच लिहितात.

आता आपली लिपी या घरांत बसवून पाहा. देवनागरीत 'कि'ची वेलांटी साठवली जाते 'क'नंतर आणि दिसते 'क'च्या आधी. 'क्ष' हे एक जोडाक्षर, पण यंत्राच्या वहीत ती तीन चिन्हे असतात: क, हलन्त आणि ष. मग त्याला घरे किती द्यायची? संपादकाने एक हिशेब केला आणि टर्मिनलने दुसरा, की कर्सर एका अक्षरावर दिसतो आणि खोडले जाते भलतेच. उर्दूची तर आणखी पंचाईत. हर्फ शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी रूप बदलतात. नस्तालीकमध्ये तर शब्द वरून खाली तिरका उतरतो. कातिबाच्या हाताला हे साधते, चौकटीच्या कागदाला नाही.

म्हणूनच टर्मिनलमध्ये उर्दू किंवा मराठी फाईल उघडली की बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया असते, 'शी, काय हे!' हर्फ सुटे पडलेले, जोडाक्षरे फुटलेली, मध्येच कोनदार कंसात '२००डी' असे काहीतरी. लोक खिडकी बंद करतात आणि सुंदर दिसणाऱ्या दुसऱ्या कार्यक्रमाकडे जातात.

माझे मत थोडे वेगळे आहे. हा कुरूप पडदा आपल्या कामाचा आहे. तो मजकूर सुंदर दाखवत नाही, पण फाईलमध्ये खरोखर काय लिहिले आहे ते दाखवतो. भाषा शिकवणाऱ्यांनी हे पाहायला शिकले पाहिजे.

उदाहरण देते. 'करीम' हे नाव घ्या. उर्दूत चार हर्फ: काफ, रे, ये, मीम. युनिकोडच्या सारणीत उर्दूचा काफ ०६ए९ या क्रमांकावर आहे आणि अरबीचा काफ ०६४३ वर. उर्दूची ये ०६सीसी वर, अरबीची ये ०६४ए वर. शब्दाच्या शेवटी आले तर या जोड्यांत फरक दिसतो. पण 'करीम'मध्ये काफ सुरुवातीला आहे आणि ये मध्ये, तिथे बहुतेक फाँटांत दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. दोन काफ, दोन ये, म्हणजे एकच नाव चार प्रकारे लिहिता येते आणि डोळ्यांना चारही एकच वाटतात. यंत्राला मात्र ते चार वेगळे करीम आहेत. एकाने उर्दू कळफलकावर टंकले, दुसऱ्याने मोबाइलवर अरबी कळफलक घेतला, एवढे त्याला पुरते.

याची किंमत मुले मोजतात. एका उर्दू स्पर्धेच्या वेळी आमच्या शाळेतल्या मुलाचे नाव छापील यादीत दिसत होते आणि आयोजकांच्या संगणकावर शोधले की सापडत नव्हते. टेबलामागच्या गृहस्थांनी सरळ सांगितले, 'नोंदणी झालेली नाही.' मूल रडकुंडीला आले. आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने ती फाईल विममध्ये उघडली, कर्सर त्या ये वर नेला आणि जी व ए या दोन कळा दाबल्या. खालच्या ओळीत क्रमांक आला. ये अरबी होती आणि शोधणारे उर्दू ये टंकत होते. मुलाचे नाव पहिल्यापासून यादीतच होते.

हा गोंधळ फक्त उर्दूचा आहे असे समजून मराठी वाचकांनी निःश्वास टाकू नये. 'दर्या' आणि 'दऱ्या' घ्या. पहिला फारसीतून मराठीत येऊन कोळीवाड्यात स्थिरावलेला समुद्र, दुसऱ्या आपल्या सह्याद्रीच्या. दुसऱ्या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एक, खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त. दोन, साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. त्या चिन्हाचा क्रमांक २००डी. मघाशी पडद्यावर ज्याला पाहून शी म्हटले ते हेच. इतर कार्यक्रम ते लपवतात. विम ते उघडे करतो. एकाच पुस्तकात दोन टंकलेखकांनी दोन पद्धती वापरल्या असतील तर 'दऱ्या' शोधल्यावर निम्म्या दऱ्या हाती लागत नाहीत.

जुन्या फाईलींची गोष्ट याहून वाईट. कृतिदेवसारख्या फाँटात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असतात. त्यात टंकलेला 'करीम' टर्मिनलमध्ये उघडा, तो डी, जे, एच, ई अशी चार इंग्रजी अक्षरे होऊन समोर येतो. फाँट होता तोवर ती मराठी होती, फाँट गेला की मराठीही गेली. उर्दूत 'इनपेज'च्या जुन्या आवृत्त्यांनी आपली स्वतंत्र सारणी वापरली. नस्तालीक पडद्यावर आणण्याचे त्यांचे उपकार मोठे आहेत, पण त्या काळातले मासिकांचे अंक आणि स्मरणिका आज दुसऱ्या कार्यक्रमात तशाच्या तशा उघडत नाहीत. आपल्या घरात, मंडळांत, वाचनालयांत अशा फाईली पडून आहेत. सुंदर छापले गेले म्हणून आपण निश्चिंत राहिलो.

शिक्षकांना हे जड वाटू नये, कारण पडद्यावरची चिन्हे ओळखणे दुखणे ओळखण्यासारखे आहे. रिकामा चौकोन दिसला तर अक्षर ठीक आहे, फक्त फाँटात त्याचे चित्र नाही. काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह दिसले तर बाइट चुकीच्या सारणीने वाचले गेले आहेत, किंवा आधीच मोडले आहेत. कोनदार कंसात क्रमांक दिसला तर ते बहुधा अदृश्य चिन्ह आहे. हर्फ सुटे दिसले तर मजकूर शाबूत आहे, जोडणारे यंत्र तेवढे कच्चे आहे. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या दुखण्यात फाईलला हात लावायचा नसतो. नेमके तिथेच लोक घाबरून सगळे पुन्हा टंकतात आणि नव्या चुका घालतात.

उजवीकडून डावीकडे लिहिण्याचा प्रश्न राहतो. विममध्ये खिडकीची दिशा उलटी करता येते आणि अरबी वळणाने हर्फ जोडण्याची सोयही आहे. पण दिशा पूर्ण खिडकीची उलटते. मी उर्दू-मराठी शब्दांची यादी करते तेव्हा एका ओळीत दोन्ही लिप्या असतात. उर्दू सरळ झाली की मराठी उलटी वाचावी लागते. यावर उपाय असा की दिशेचे काम टर्मिनलवर सोपवायचे. विममध्ये त्यासाठी 'टर्मबिडी' नावाची मांडणी आहे, आणि एमएलटर्मसारखे टर्मिनल हे काम करतात. ग्नोम टर्मिनल ज्या संचावर उभा आहे त्यात २०१९ साली ही सोय आली. ईमॅक्सने २०१२ च्या चोविसाव्या आवृत्तीपासून ते स्वतःच करायला घेतले. दोघांपैकी एकानेच उलटवायचे, हे मात्र लक्षात ठेवावे. दोघांनी उलटवले की मजकूर पुन्हा पहिल्या जागी.

काही जण म्हणतील, एवढा उपद्व्याप शिक्षकाने का करावा? गाडी चालवणाऱ्याला इंजिन उघडता आले पाहिजे का? आक्षेपात तथ्य आहे. वापरणाऱ्याला त्रास न देता नाव सापडले पाहिजे, ही जबाबदारी यंत्रणा बनवणाऱ्यांचीच आहे. दोन्ही ये एक मानून शोधणे अवघड नाही, ते करून ठेवणे त्यांचे काम. पण ज्यांच्या भाषेत दोन ये नाहीत त्यांना ही अडचण सुचणारच नाही. ती नेमक्या शब्दांत सांगावी लागेल. 'उर्दू नीट दिसत नाही' ही तक्रार ऐकून कोणी काही करू शकत नाही. 'तुमच्या यादीत ०६४ए आहे, तिथे ०६सीसी हवे' असे सांगितले तर दहा मिनिटांत काम होते.

आणि इंजिन उघडण्याचे म्हणाल तर आम्ही शिक्षक ते पहिलीपासून उघडतोच. उर्दूच्या वर्गात शब्द तोडून हर्फ वेगळे करतो, मग जोडतो. मराठीच्या वर्गात जोडाक्षराची फोड करतो. कुठले मूल थेट नस्तालीकमध्ये वाचायला शिकत नाही, आधी सुटे हर्फ येतात. टर्मिनलचा पडदा हीच फोड करून समोर ठेवतो. वरच्या वर्गात ती एकदा दाखवली तर मुलांना दोन गोष्टी कळतील: आपल्या लिपीची रचना कशी आहे, आणि यंत्रात तिला रीतसर जागा आहे.

ही जागा कोणी मेहेरबानीने दिलेली नाही. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरी आणि अरबी या दोन्ही लिप्या तिच्यात आहेत. पुढच्याच वर्षी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही साठवणीची पद्धत रचली. तिच्यात देवनागरीतला करीम १२ बाइट घेतो, उर्दूतला ८ आणि इंग्रजी स्पेलिंगचा ५. भाडे सारखे नाही, पण घर तिघांनाही आहे.

तेव्हा माझे सांगणे दोन बाबतींत आहे. ज्या संस्था उर्दूत नावांच्या याद्या ठेवतात त्यांनी कळफलक एकच ठरवावा, तो उर्दूचा असावा, आणि जुन्या याद्यांतले अरबी काफ व ये एकदा बदलून घ्यावेत. विममध्ये अक्षर त्याच्या क्रमांकाने शोधून सगळीकडे एकदम बदलता येते. अरबी उतारे असतील तिथे मात्र अरबी हर्फच राहू द्यावेत, सरसकट बदल नको. दुसरे शिक्षकांसाठी. येत्या सत्रात संगणकाचा एक तास मागून घ्या. प्रत्येक मुलाला आपले नाव उर्दूत आणि मराठीत टंकू द्या, आणि एकेका अक्षरावर थांबून त्याचा क्रमांक वहीत लिहू द्या. पुढे कोणी म्हणाले की तुझे नाव यादीत नाही, तर कुठे पाहायचे ते त्याला माहीत असेल.