पोक आणि पुढे वाकण्याचा सोस

पाठीला पोक येणे हा म्हातारपणाचा शिरस्ताच, असे घरोघरी धरून चालतात. छातीच्या मागचा कणा मुळातच थोडा बाकदार असतो. एक्स-रेवर मोजला तर हा बाक तरुणपणी साधारण २० ते ४० अंशांचा भरतो. तो त्यापुढे गेला की मान पुढे येते, फासळ्या पोटाकडे दबतात, श्वास उथळ होतो आणि चालताना तोल सांभाळणे जड जाते.

पोक म्हटले की हाडे ठिसूळ झाली असणार, असा समज आहे. मणक्याची पुढची कड दबून कणा पुढे झुकतो, हे खरेच. पण पोक आलेल्या अनेकांच्या एक्स-रेत एकही दबलेला मणका सापडत नाही. तिथे कुठे मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या असतात, कुठे छातीचे स्नायू आखडलेले, आणि बहुतेक ठिकाणी कणा मागे खेचून धरणारे पाठीचे स्नायू ढिले पडलेले. व्यायामाला वाव आहे तो मुख्यतः या स्नायूंमध्ये. ‘ताठ बसा’ असे दिवसभर बजावून हे स्नायू बळकट होत नाहीत. पाठीचा पट्टाही आपल्या मनाने महिनोन्‌महिने बांधून ठेवू नये. आधाराचे सगळे काम त्याच्यावर सोपवले की स्नायू आणखी सुस्तावतात.

व्यायाम कोणत्या दिशेने करायचा, हा खरा कळीचा प्रश्न. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. मेहर्शीद सिनाकी यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत आजही महत्त्वाचा आहे. हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रिया त्यात होत्या. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींचे मणके पुढच्या काळात नव्याने दबले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ८९ टक्के निघाले. पुढे वाकणाऱ्या गटात ९ जणीच होत्या, त्यामुळे आकडा जपून वाचावा. तरी इशारा स्पष्ट आहे.

आपल्याकडे तो फारसा पोचलेला नाही. सकाळी बागेत जमणाऱ्या ज्येष्ठांच्या गटांत सूर्यनमस्कार, पादहस्तासन आणि पश्चिमोत्तानासन सर्रास सगळ्यांकडून करून घेतात. सत्तरीच्या बाईंची बोटे जमिनीला टेकली की टाळ्या पडतात. हाडांची घनता तपासलेली नसताना हे कौतुक महागात पडू शकते. दोष योगासनांचा नाही, निवडीचा आहे. भुजंगासन आणि अर्धशलभासन याच परंपरेतली आहेत आणि पाठीला हवे ते काम तीच करतात. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी लोड, खुर्ची, पट्टे यांचा आधार घेऊन आसने शिकवली; ती रीत ताठर अंगाच्या ज्येष्ठांना विशेष सोयीची.

आधी मोजमाप करावे. टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, हनुवटी वर न उचलता डोके मागे न्यावे. डोके भिंतीला टेकत नसेल तर मधले अंतर पट्टीने मोजून वहीत लिहावे. दर महिन्याला याच भिंतीपाशी पुन्हा मोजावे.

सुरुवात उताणे झोपून करावी. टॉवेलची बारीक गुंडाळी खांद्याच्या पात्यांखाली आडवी ठेवून, हात बाजूला पसरून चार-पाच मिनिटे पडून राहिले की छाती मोकळी होते. डोके टेकत नसेल तर पातळ उशी घ्यावी आणि हनुवटी किंचित आत घेऊन डोक्याने ती हलकेच दाबावी. मुख्य व्यायाम पालथे झोपून. पोटाखाली उशी, हात अंगालगत, नजर जमिनीकडे; छाती दोन-चार बोटे उचलायची, पाच सेकंद धरायची, सावकाश खाली आणायची. श्वास कोंडायचा नाही. आठ-दहा वेळा पुरे. सगळा गोंधळ होतो तो मान वर करण्यात: मान मोडते आणि पाठ जागची हलत नाही. पालथे झोपणे जमत नसेल त्यांनी खुर्चीच्या कडेवर बसून कोपरे मागे नेत पाती एकमेकांजवळ आणावीत; पुढे रबरी पट्टा ओढून जोर वाढवावा.

अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत साठीपुढच्या ९९ जणांचा समावेश होता. त्यांच्यापैकी ज्यांनी सहा महिने, आठवड्यातून तीनदा व्यायाम केला, त्यांचा बाक इतरांच्या तुलनेत सुमारे ३ अंशांनी घटला. आपल्या दिसण्याबद्दलचे त्यांचे समाधानही वाढले. दबलेला मणका व्यायामाने पूर्ववत होत नाही.

बादली उचलताना किंवा शिंकताना पाठीत अचानक कळ आली, किंवा उंची काही सेंटिमीटरने घटल्याचे लक्षात आले, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवावे. एक्स-रे आणि हाडांच्या घनतेची तपासणी झाल्यावर पुढचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावेत.