युवाल्डीची शाळा आणि एका विद्यार्थ्याचे टिपण

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील युवाल्डी या लहानशा शहरात २४ मे २०२२ रोजी अठरा वर्षांचा एक तरुण रॉब प्राथमिक शाळेत शिरला आणि त्याने चौथीच्या वर्गातील १९ मुले व दोन शिक्षिका यांना गोळ्या घालून ठार केले. हत्यार त्याने चोरलेले नव्हते. अठरावा वाढदिवस उलटताच, कायद्याला धरून, त्याने ते विकत घेतले होते. निरनिराळ्या दलांचे मिळून ३७६ अधिकारी तेथे जमत गेले. वर्गात अडकलेली मुले दूरध्वनीवरून पोलिसांना विनवीत होती. बाहेर आईबाप आक्रोश करीत होते आणि पोलीस त्या आईबापांनाच अडवीत होते. पहिले पोलीस पोहोचल्यापासून हल्लेखोर मारला जाईपर्यंत ७७ मिनिटे गेली.

या घटनेवरील मजकूर मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे होते. पुढे एका अभ्यासवर्गात तो वाचला गेला. चर्चा लवकरच आटोपली, कारण उत्तर आम्हा सर्वांना आधीच ठाऊक होते: सडत चाललेल्या भांडवलशाहीची ही विषारी फळे! पुढच्या बैठकीला मात्र एका विद्यार्थी कॉम्रेडने वहीची दोन पाने भरून टिपण आणले. त्यात दोन प्रश्न होते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया हे भांडवलशाही देश नाहीत काय? असतील, तर तेथील शाळांत हे पुन्हापुन्हा का घडत नाही? आणि दुसरा: इतक्या बंदुका बाहेर असताना आतली मुले का वाचली नाहीत? आमच्या तयार उत्तरात या दोन्ही प्रश्नांना जागा नव्हती.

पहिला प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे मार्च १९९६ मध्ये १६ मुले व त्यांची शिक्षिका यांची शाळेतच हत्या झाली. लोकांनी सह्यांची मोठी मोहीम उभारली आणि १९९७ साली ब्रिटनमध्ये खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. एप्रिल १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेली. तेथील सरकारने कायदे कडक केले व सुमारे साडेसहा लाख बंदुका भरपाई देऊन परत घेतल्या. हे सरकार उजव्या पक्षाचे होते! तेव्हा ‘भांडवलशाही’ हा शब्द चुकीचा नाही. पण तेथून विवेचनाला सुरुवात व्हावयाची असते, ते संपवावयाचे नसते. कोणते भांडवल, कोणत्या कायद्याच्या छत्राखाली, कोणत्या इतिहासाच्या आधाराने, हे सांगितल्याखेरीज तो शब्द म्हणजे कागदावर उमटविलेला नुसता शिक्का ठरतो.

अमेरिकेत नागरिकांच्या हाती असलेल्या बंदुकांची संख्या तेथील लोकसंख्येहून अधिक आहे. २०२० साली १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण बंदूक हेच ठरले. लष्करी धाटणीच्या रायफलींच्या विक्रीवर १९९४ साली घातलेली बंदी २००४ साली मुदत संपताच संपू देण्यात आली. २००५ साली तर शस्त्र कारखानदार व विक्रेते यांना नुकसानभरपाईच्या बहुतांश दाव्यांपासून संरक्षण देणारा खास कायदा करण्यात आला. सँडी हूक शाळेत २०१२ साली २० लहान मुले व सहा मोठी माणसे मारली गेली. त्यांतील काही कुटुंबांनी रायफलीच्या जाहिरातींवर बोट ठेवून खटला चालविला, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरांची तडजोड पदरात पडली. तीन महिन्यांनी युवाल्डी घडले. आणि युवाल्डीनंतर तीन दिवसांनी, त्याच टेक्सास राज्यात, ह्यूस्टन येथे राष्ट्रीय रायफल संघटनेचे अधिवेशन ठरल्याप्रमाणे भरले. त्या वेळी सत्तेबाहेर असलेले डोनाल्ड ट्रम्प त्यात बोलले. नफ्याला सुतक नसते!

मजकूर भाषांतरित करताना एका साध्या शब्दाने लेखणी अडविली. गोळीबार झाल्यास काय करावे, याचा सराव अमेरिकेतील मुलांकडून पाच-सहा वर्षांच्या वयापासून करून घेतात. दार लावायचे, दिवे मालवायचे, भिंतीला चिकटून निमूट बसायचे. शब्दकोशात यासाठी ‘कवायत’ हा शब्द सापडतो. मराठी वाचकाच्या मनात कवायत म्हणजे सकाळचे ऊन, शिट्टी, मैदानावर ओळीने उभी राहिलेली मुले. ‘लपण्याची कवायत’ असे अखेर लिहिले गेले, पण मन घेईना. जेथे लपणे हाच शाळेचा एक विषय झाला, तेथे गोळी अडविणारी दप्तरेही दुकानात आली. एक बाजार बंदूक विकतो आणि तिच्या भीतीवर दुसरा उभा राहतो.

आता दुसरा प्रश्न. त्याच्या उत्तरासाठी त्याच शाळेच्या जुन्या इतिहासात डोकावले पाहिजे. युवाल्डीची बहुसंख्य वस्ती मेक्सिकन वंशाची आहे. १९७० साली रॉब शाळेतील मेक्सिकन वंशाच्या एका शिक्षकाचा करार शाळा मंडळाने पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. एप्रिल महिन्यात पाचशेहून अधिक विद्यार्थी वर्गाबाहेर पडले. आमच्या समाजाचे शिक्षक नेमा, दोन्ही भाषांतून शिकवा, आमचा इतिहास शिकवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या; कारण शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. संप सहा आठवडे चालला. मंडळ नमले नाही, संपकऱ्यांना त्याच वर्गात मागे ठेवण्यात आले. आणि निःशस्त्र पोरांच्या बंदोबस्तासाठी टेक्सास रेंजर्स हे राज्याचे सशस्त्र पोलीस तत्परतेने हजर झाले होते!

बावन्न वर्षांनी जमलेल्या ३७६ अधिकाऱ्यांत सर्वांत मोठा गट होता सीमा गस्त दलाचा: १४९. मेक्सिकोच्या सीमेवरून पोटासाठी येणाऱ्या स्थलांतरितांना पकडणे, हे या दलाचे नित्याचे काम. यावरून, मुले मरावीत असे कोणी ठरविले होते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे व अडाणीपणाचे ठरेल. अमेरिकी न्यायखात्यानेही जानेवारी २०२४ च्या अहवालात नेतृत्व, निर्णय आणि प्रशिक्षण या सर्वांतील अपयशावर ठपका ठेवला. परंतु वर्गीय प्रश्न त्यापुढे सुरू होतो. ज्या राज्यसंस्थेचे हात गर्दी पांगविण्यास, सीमा राखण्यास, आईबापांना अडविण्यास सरावलेले असतात, ते हात वर्गाचे दार उघडताना का थबकतात? कोणत्या मोर्चापुढे पोलीस किती मिनिटांत उभे राहतात, हे आमच्या वाचकांना परदेशातून शिकावयास नको.

मग क्रांती होईपर्यंत कायद्याची मागणी निरर्थक समजावयाची काय? मुळीच नाही. फ्लोरिडातील पार्कलंड येथे १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जण मारले गेले, तेव्हा वाचलेले विद्यार्थीच रस्त्यावर उतरले. महिन्याच्या आत त्या राज्याला बंदूक खरेदीची वयोमर्यादा २१ करावी लागली. युवाल्डीचा मारेकरी अठराच वर्षांचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या सुधारणेचे मोल कळते. अर्थात त्याच कायद्याने शाळेतील कर्मचाऱ्यांच्या हाती शस्त्र देण्याची वाटही मोकळी केली; एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने बाजार वाढविला. अमेरिकेतील दोन्ही मोठ्या शिक्षक संघटनांचा शिक्षकांना सशस्त्र करण्यास विरोध आहे. त्याच दिवसांत पश्चिम व्हर्जिनियाचे शिक्षक संप करून पाच टक्के पगारवाढ मिळवीत होते. शाळेत बंदूक नको आणि शिक्षकाला पुरेसे वेतन हवे, या दोन मागण्या एकाच शाळेच्या आहेत. त्या एकत्र आणणे हे तेथील कामगार चळवळीचे काम आहे, आणि त्या कामाला आपला पाठिंबा असला पाहिजे.

विद्यार्थी कॉम्रेडच्या टिपणाच्या अखेरीस एक वाक्य होते: उत्तर आधीच ठाऊक असेल, तर अभ्यासवर्गात अभ्यास कशाचा करावयाचा? ही टीका आम्ही स्वीकारली पाहिजे. एकोणीस मुलांच्या मृत्यूवर ठरावीक चार शब्द वाहून पुढे जाणे ही शत्रूवरील टीका नव्हे. तो आपलाच आळस आहे. भांडवलशाहीला दोषी ठरवावयाचे असेल, तर आरोपपत्रात कायद्याचे वर्ष, नफ्याचा आकडा आणि बंद दाराबाहेर गेलेली ७७ मिनिटे नोंदविली पाहिजेत. हे टिपण पुढच्या वर्गात पहिल्या मजकुराबरोबरच वाचले जाईल.