‘थोडे आठवा’ची चौकट

शाळेतून घरी आलेल्या मुलामुलींना एक प्रश्न घरोघरी विचारला जातो, ‘‘आज शाळेत काय शिकवलं?’’ उत्तर बहुतेकदा ‘‘काही नाही’’ असे येते. पालकांना वाटते, मुलाचे लक्ष नव्हते किंवा ते टाळाटाळ करते आहे. खरे कारण साधे आहे. दिवसभरात सात-आठ तासिका झालेल्या असतात, वह्यांची पाने भरलेली असतात, पण त्यातले आपल्याला काय कळले आणि काय नाही, हे थांबून पाहायची वेळ एकदाही आलेली नसते. माध्यमिक शाळेतल्या विद्यार्थ्याला रोज भरपूर शिकवले जाते. त्याने काय घेतले, हे मात्र थेट चाचणीच्या दिवशीच विचारले जाते.

बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत ‘थोडे आठवा’, ‘करून पहा’, ‘जरा डोके चालवा’ अशा छोट्या चौकटी असतात. तासाला त्या बरेचदा वगळल्या जातात. पोर्शन संपवायचा असतो, आणि चौकटीवर परीक्षेत प्रश्न येत नाही असा सर्वांचा समज असतो. यातली ‘थोडे आठवा’ ही चौकट तर मुलांना अगदीच निरुपयोगी वाटते, कारण तिच्यात नवे काहीच नसते. पण स्मरणशक्तीच्या शास्त्राकडे पाहिले, तर त्या पानावरची सर्वांत मोलाची जागा हीच ठरते.

हे शास्त्र आजकालचे नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणाचे पहिले पद्धतशीर मोजमाप प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरगटांच्या याद्या ते स्वतःच पाठ करत आणि ठरावीक काळाने त्या पुन्हा पाठ करायला किती कमी मेहनत लागते ते मोजत. वीस मिनिटांनंतर ही बचत ५८ टक्के होती, एका दिवसानंतर ती सुमारे ३४ टक्क्यांवर आली. म्हणजे विसरण्याचा सर्वाधिक वेग शिकल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत असतो. वर्गात शिकवलेला अर्थपूर्ण धडा अशा अक्षरांपेक्षा जास्त टिकतो हे खरे, पण आधी भराभर आणि मग सावकाश विसरण्याचा क्रम साधारण तोच राहतो.

या विस्मरणावर उपाय काय? १९३९ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात सहावीच्या ३,६०५ मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. मुलांना एक उतारा वाचायला दिला आणि वेगवेगळ्या गटांची वेगवेगळ्या दिवशी चाचणी घेतली. वाचल्यावर लगेच ज्यांना आठवायला लावले, त्यांच्या लक्षात तो मजकूर पुढे कितीतरी जास्त राहिला. २००६ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी हेच आणखी नेमकेपणाने दाखवले. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के मजकूर आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. यातली सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढची आहे. आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा वाटत होता तो पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या गटाला.

दहावीच्या अभ्यासाचा सगळा गोंधळ या एका निरीक्षणात आहे. धडा तिसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात, म्हणून तो ‘झाला’ असे वाटते. ओळखीचे वाटणे आणि आठवणे या मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळ्या क्रिया आहेत. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटतो आणि नाव काही केल्या आठवत नाही, हा अनुभव सर्वांना असतो. उत्तरपत्रिकेसमोर मुलाचे नेमके असेच होते. २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींचा सविस्तर आढावा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी घेतला. त्यात पुन्हा वाचणे आणि ओळींवर रंगीत पेन फिरवणे या दोन्ही पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास थोड्या थोड्या अंतराने विभागून करणे, या दोनच पद्धतींना वरचा दर्जा मिळाला. आपल्याकडे मुलांच्या कंपासपेटीत रंगीत पेनांची गर्दी असते, पण पुस्तक मिटून कोरा कागद पुढे घेणारे मूल विरळा.

हे नियम पाठांतरालाच लागू पडतात असे नाही. वर्गात केलेल्या कृतीलाही ते तितकेच लागू आहेत. नाडी मोजण्याचे उदाहरण घेता येईल. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, खर्च शून्य. नववीतली मुलगी मैत्रिणीच्या मनगटावर बोटे ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजते आणि चारने गुणते. मग मैत्रीण जागच्या जागी एक मिनिट धावते आणि पुन्हा मोजणी होते. आकडा वाढतो. वहीत निष्कर्ष लिहिला जातो, ‘व्यायामाने नाडीचे ठोके वाढतात’. कृती संपली, सही मिळाली.

पण खरे शिकणे सुरू होते ते यानंतर. मुलीने पाच मिनिटे थांबून स्वतःला विचारले, की मी काय केले, मला काय दिसले आणि असे का झाले असेल, तर बऱ्याच गोष्टी वर येतात. पंधरा सेकंदांत एक ठोका मोजायचा राहिला, तर मिनिटाच्या आकड्यात चार ठोक्यांची चूक होते, मग पूर्ण मिनिट का मोजू नये? नाडी बघायला अंगठा वापरला होता, आणि अंगठ्यात स्वतःचीच नाडी जाणवू शकते, मग मोजली ती कुणाची? एकीची नाडी ६८ आणि दुसरीची ९४ आली, तर दुसरी आजारी म्हणायची का? विश्रांतीच्या वेळी ६० ते १०० ठोके सर्वसाधारण मानले जातात हे तिला इथे कळते, आणि ‘सरासरी’ या शब्दाचा अर्थही इथेच लागतो. स्नायूंना जास्त ऑक्सिजन लागतो म्हणून हृदय वेगाने चालते, हे वाक्य पुस्तकात होतेच. आता ते तिचे होते.

याउलट चित्र बहुतेक शाळांच्या परिचयाचे आहे. जर्नल तपासणीच्या आदल्या रात्री एक वही दहा घरी फिरते आणि वर्गातल्या प्रत्येकाची नाडी बरोबर ७२ भरते. प्रकल्पाचे मॉडेल आई-वडील करतात किंवा ते दुकानातून आणले जाते. यात मुलांचा दोष कमी. चुकलेले निरीक्षण लिहिले तर गुण जातात आणि उतरवलेले बरोबर लिहिले तर मिळतात, हे ती वर्गातच शिकलेली असतात.

कृतींविरुद्ध एक तक्रार नेहमी ऐकू येते. ‘यात वेळ जातो आणि मुलांच्या हाती काही लागत नाही.’ गंमत म्हणजे मुलांनाही तसेच वाटते. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने उत्तम व्याख्यान ऐकले, दुसऱ्याने तोच विषय गटात प्रश्न सोडवत शिकला. दुसऱ्या गटाला चाचणीत अधिक गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. डोक्याला ताण पडला की ते न समजल्याचे लक्षण वाटते. वास्तविक तो ताण म्हणजे शिकणे चालू असल्याची खूण असते. हे शिक्षकांनी वर्गात उघड सांगितले पाहिजे, नाहीतर मुले सोप्या वाटेलाच चांगली वाट समजतात.

विद्यार्थ्याने स्वतःच्या शिकण्याकडे पाहण्याचा आणखी एक उपयोग आहे आणि तो आरोग्याचा आहे. वैद्यकात निदानाची सुरुवात रुग्णाच्या सांगण्यापासून होते. कुठे दुखते, कधीपासून, कशाने वाढते, हे ऐकल्याशिवाय केलेल्या तपासण्या अनेकदा भरकटतात. शाळेत मात्र तपासण्या भरपूर आणि ऐकून घेणे नगण्य. आठवड्यातून एकदा मुलांनी चार ओळी लिहिल्या, तर त्यात पुष्कळ काही सापडेल. ‘मागच्या बाकावरून फळ्यावरचे वाचता येत नाही’ हे वाक्य डोळे तपासायला पाठवण्याइतके स्पष्ट आहे. ‘शेवटच्या दोन तासांना काहीच डोक्यात शिरत नाही’ असे एखादी मुलगी सतत लिहीत असेल, तर तिचा डबा, तिची झोप आणि तिचे हिमोग्लोबिन पाहायला हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींना आणि ३१ टक्के मुलग्यांना रक्ताक्षय आहे. लोह कमी असलेले मूल लवकर दमते आणि त्याचे लक्ष टिकत नाही. प्रगतिपुस्तकावर त्याची नोंद ‘अभ्यासात लक्ष नाही’ अशी होते. शाळेत लोहाच्या साप्ताहिक गोळ्या आहेत, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी आहे, पण कुणाकडे आधी बघायचे हे सांगणारा आवाज मुलाचाच असतो.

आणि झोप. दिवसा शिकलेले मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या मदतीने नोंदले जाते आणि गाढ झोपेत त्याची पुन्हा उजळणी होऊन ते पक्के होते. म्हणून झोप हा अभ्यासाचाच भाग आहे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, अशी अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस आहे. या वयात झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागते, त्यामुळे मुलांना लवकर झोपच येत नाही. त्यात सकाळी सातची शाळा, दुपारचा क्लास, रात्रीचा गृहपाठ आणि मग मोबाइल. साडेअकराला झोपून साडेपाचला उठणाऱ्या मुलाला सहाच तास मिळतात. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. झोपेचे घड्याळ ज्यांचे खऱ्या अर्थाने पुढे सरकलेले असते, ती आठवी ते दहावीची मुले मात्र त्यातून बाहेरच राहिली. त्यांचाही विचार व्हायला हवा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपत्रकात विद्यार्थ्याच्या स्वयंमूल्यमापनाला जागा दिली आहे. हेतू चांगला आहे. धोका एवढाच, की वर्षअखेरीस भरायचा आणखी एक तक्ता असे त्याचे स्वरूप होईल आणि मुले हसऱ्या चेहऱ्यावर खूण करून मोकळी होतील. स्वतःकडे पाहण्याची सवय अशी वर्षातून एकदा लागत नाही, आणि तिला गुण लावले की तीही एकमेकांचे बघून उतरवली जाते.

साठ मुलांच्या वर्गात, अशैक्षणिक कामांच्या ओझ्याखाली शिक्षकांनी हे कसे करायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण यासाठी वह्या तपासाव्या लागत नाहीत. तासिकेची शेवटची पाच मिनिटे पुस्तके मिटायची. प्रत्येकाने आजच्या तासातले आठवते ते लिहायचे, न कळलेली एक गोष्ट लिहायची आणि मग पुस्तक उघडून स्वतःच ताडून पाहायचे. दुसऱ्या दिवशी नवा धडा सुरू करण्याआधी दोन मिनिटे कालचे आठवायचे. आठवड्याने पुन्हा एकदा. गुण नाहीत, शेरा नाही. शिक्षकांनी दहा-बारा कागद नुसते चाळले, तरी वर्ग कुठे अडला आहे ते कळते. या सवयीने परीक्षेची धास्तीही उतरते. अमेरिकेतील शाळांत अशा बिनगुणांच्या आठवणुकीचा अनुभव घेतलेल्या १,४०८ विद्यार्थ्यांना विचारले गेले, तेव्हा दर चारपैकी जवळजवळ तिघांनी परीक्षेची भीती कमी झाल्याचे सांगितले.

घरीही फार काही करावे लागत नाही. ‘काय शिकवलं?’ या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांबद्दल असते. त्याऐवजी ‘आज तुला काय नवीन कळलं? काय अडलं?’ असे विचारावे, आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. आजीला किंवा धाकट्या भावाला समजावून सांगायला लावले तर आणखी उत्तम. सांगताना मूल जिथे अडखळते, तिथेच त्याचा उद्याचा अभ्यास असतो. तेवढा करून त्याला वेळेवर झोपू द्यावे. अकरा वाजता चौथ्यांदा उघडलेल्या पुस्तकापेक्षा ती झोप परीक्षेत जास्त कामी येते.